खाऊ-पिऊ विचारू: गोंगाट, खेकडे आणि दोनच क्राफ्ट बिअर

प्रश्न: ताई, मी अलिबागचा. मुलगा अमेरिकेत बाल्टिमोरजवळ असतो. गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं त्याच्याकडे होतो. एका रविवारी दुपारी तो आम्हाला खेकड्यांच्या हॉटेलात घेऊन गेला. भिंतीभर टीव्ही, सगळ्यांवर फुटबॉल, जांभळे टी-शर्ट घातलेली गर्दी. टेबल मिळायला तास लागला. मुलाला क्राफ्ट बिअरची, म्हणजे छोट्या कारखान्यांत बनणाऱ्या वेगवेगळ्या चवींच्या बिअरची आवड, पण तिथे तसल्या दोनच. बाकी सगळ्या साध्या लाइट बिअर. त्याचा मूडच गेला. खेकड्यांना रस्सा नाही, नुसता लाल मसाला थापलेला, आणि निम्मे पोकळ. पुढच्या वर्षी पुन्हा जाणं होईल. अशा ठिकाणी पाय ठेवावा की नाही?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर: काका, जरूर ठेवा. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी बरीच वर्षं त्याच भागात राहिले, आणि वेंगुर्ल्याची असूनही सांगते, चेसापीक खाडीचा निळा खेकडा मला आपल्या कुर्ल्यांइतकाच प्रिय आहे. पण तुमच्या तक्रारींपैकी एकच मला खरी गंभीर वाटते, ती म्हणजे पोकळ खेकड्यांची.

तुम्ही अलिबागचे, म्हणजे अमावस्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ, हे लहानपणापासून ऐकलं असणार. बाल्टिमोरकडे लोक चंद्रापेक्षा कातीकडे बघतात. खेकडा कात टाकतो तेव्हा नवं कवच मोठं असतं आणि आत मांस थोडं, बाकी पाणी. ते भरायला वेळ लागतो. नुकती कात टाकलेल्याचं पोट पांढरंशुभ्र, चकचकीत दिसतं; भरलेल्याचं मळकट, गंजासारखे डाग पडलेलं. हातात घेतला की वजन कळतंच. सप्टेंबर-ऑक्टोबरात थंडीच्या तयारीने खेकडे भरतात, म्हणजे तुम्ही गेलात तो हंगाम उत्तम होता. तरीही निम्मे पोकळ निघाले, तर वाढणाऱ्या मुलीला तिथल्या तिथे दाखवायचे. चांगल्या ठिकाणी ते बदलून देतात. ऑर्डर देतानाच ‘खेकडे इथलेच की दूरच्या लुइझियाना राज्यातले? आज भरलेले आहेत का?’ असं मुलाला विचारायला सांगा. असं विचारणं तिथे कुणाला उद्धटपणाचं वाटत नाही. आणि नरच मागा, पोटावरची झडप अरुंद असलेले. मांस त्यांच्यात जास्त.

रस्सा नाही, कारण ते उकडत नाहीत, वाफवतात. भांड्यात खाली व्हिनेगर आणि पाणी किंवा बिअर, वर खेकड्यांचे थर, प्रत्येक थरावर मसाला. ‘ओल्ड बे’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जर्मनीतून जीव वाचवून आलेल्या गुस्ताव ब्रुन नावाच्या ज्यू मसालेवाल्याने बाल्टिमोरमध्ये तो बनवला. सेलरीचं मीठ, मिरी, लाल तिखट, पाप्रिका. पुष्कळ हॉटेलं मात्र त्याहून जाड मिठाचा, ‘जे.ओ.’ कंपनीचा मसाला वापरतात. मसाला कवचावर असतो, मांसात नाही. बोटांना लागतो, बोटांवरून ओठांवर येतो, आणि आतलं मांस गोडच राहतं. ही चव रश्श्यात मिळणार नाही. रस्सा घरी करा की! एक सांभाळा: कवच उघडल्यावर दिसणारं पिवळं, ज्याला ते मस्टर्ड म्हणतात, त्यावर आपण कोकणी माणसं तुटून पडतो. खाडीतली दूषित द्रव्यं नेमकी त्यातच साठतात, म्हणून ते बेतानेच खावं.

आता बिअर. चिरंजीवांना माझा निरोप द्या: त्या टेबलावर साधी, हलकी, बर्फासारखी थंड लागर बिअरच हवी. इतकं मीठ आणि तिखट ओठांवर असताना आयपीएसारखी कडू क्राफ्ट बिअर घेतली तर तिखट आणखी चढतं आणि खेकड्याचा गोडवा हरवतो. दोन-तीन तास हातोडीने फोडत बसायचं, तेव्हा जड बिअर सोसवतही नाही. बाल्टिमोरचे लोक १८८५पासूनची ‘नॅशनल बोहेमियन’ पितात, लाडाने ‘नॅटी बो’ म्हणतात. डब्यावर एका डोळ्याचा मिशाळ गृहस्थ असतो. त्याला तीच घेऊ दे. क्राफ्टच हवी असेल तर तिच्यासाठी दुसरीकडे स्वतंत्र संध्याकाळ काढा. ज्या हॉटेलाचा सगळा जीव वाफेच्या भांड्यात आहे, त्याच्याकडून वीस प्रकारच्या बिअरची अपेक्षा मला तरी अन्यायाची वाटते.

गर्दीचं मात्र तुमच्या हातात आहे. जांभळा रंग रेव्हन्स या बाल्टिमोरच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा. त्यांचे रविवारचे सामने बहुधा दुपारी एकला सुरू होतात आणि तीन तासांहून जास्त चालतात. तेवढा वेळ टेबलं हलत नाहीत. मंगळवार-बुधवारी जा. रविवारच जमत असेल तर साडेचारनंतर जा, पण सकाळीच फोन करून डझनभर मोठे खेकडे राखून ठेवायला सांगा, कारण संध्याकाळपर्यंत मोठे संपतात. तुम्हा तिघांना डझन पुरतील; सोबत मक्याची कणसं घ्या. काकूंना फोडत बसायचा कंटाळा असेल तर त्यांच्यासाठी क्रॅब केक, म्हणजे खेकड्याच्या मांसाची टिक्की सांगा, तळलेली नको, ब्रॉइल केलेली, म्हणजे वरच्या आचेवर भाजलेली. बिलावर अठरा-वीस टक्के टिप धरा. आणि काकूंना चांगली साडी नेसून नेऊ नका, तो मसाला धुतल्यावरही लवकर जात नाही.