एकाच जहाजावर लागोपाठ दोन क्रूझ घेतल्या तर मधल्या दिवशी काय होतं?

तुम्ही नाशिकहून आई-वडिलांना घेऊन सिंगापूरला जाताय. तिथून सुटणाऱ्या जहाजाची तीन रात्रींची फेरी, आणि ती संपली की त्याच जहाजाची पुढची चार रात्रींची फेरी, अशा दोन्ही लागोपाठ घ्यायचा विचार आहे. मध्ये खोली सोडावी लागते का, सामान उतरवावं लागतं का, आणि त्याच जहाजावर आठवडाभर कंटाळा येईल का, असं तुम्ही विचारलंय. मीही नाशिकचीच. सासू-सासऱ्यांना घेऊन सिंगापूरहून असाच प्रवास केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. तुमच्या लेखी हा आठवड्याचा एक प्रवास असला तरी जहाज कंपनीच्या आणि इमिग्रेशनच्या लेखी ते दोन स्वतंत्र प्रवास आहेत. बुकिंग नंबर दोन, बिलं दोन, रद्द केलं तर पैसे परत मिळण्याचे हिशेबही दोन. पहिली फेरी संपते त्या सकाळी तुम्ही कागदोपत्री उतरता आणि दुपारी नव्याने चढता. मधल्या दिवशी जे जे करावं लागतं, ते सगळं यातूनच येतं.

खोलीचं म्हणाल तर तीच केबिन दोन्ही फेऱ्यांना मिळाली तर काहीच हलवावं लागत नाही. कपडे कपाटात, औषधं ड्रॉवरमध्ये, चपला पलंगाखाली, सगळं जागच्या जागी राहतं. पण हे आपोआप होत नाही. बुकिंग करतानाच दोन्ही फेऱ्यांसाठी एकच केबिन नंबर मागून घ्या. 'केबिन नंबर कंपनी नंतर ठरवेल' अशी एक स्वस्त श्रेणी असते, ती लागोपाठच्या प्रवासाला अजिबात घेऊ नका. थोडे पैसे वाचतात, पण मधल्या दिवशी वयस्कर माणसांना घेऊन या डेकवरून त्या डेकवर बिऱ्हाड हलवावं लागू शकतं. केबिन बदलावीच लागणार असेल तर आदल्या संध्याकाळी स्टुअर्डला, म्हणजे खोली आवरणाऱ्या कर्मचाऱ्याला, सांगून ठेवा. हँगरवरचे कपडे ते सहसा हँगरसकट नव्या केबिनमध्ये नेऊन लावतात, बाकीचं सामान बॅगेत भरून द्यायचं.

पहिल्या फेरीच्या शेवटच्या रात्री आणखी एक सांभाळा. उतरणारे लोक बॅगांना टॅग लावून त्या दाराबाहेर ठेवतात, सगळा पॅसेज बॅगांनी भरून जातो. ते बघून वडीलधाऱ्यांना वाटतं आपणही ठेवायला हवी. ठेवायची नाही. आपली बॅग खोलीतच. आमच्या सासूबाईंना हे दोनदा समजावून सांगावं लागलं, कारण समोरच्या खोलीतल्या बाई स्वतःची बॅग ठेवता ठेवता त्यांनाही आग्रह करत होत्या.

सकाळी नाश्त्यानंतर, पुढे जाणाऱ्या प्रवाशांना एका ठिकाणी बोलावतात. बहुतेक जहाजांवर वेळ आणि जागा लिहिलेलं पत्र आदल्या दिवशी खोलीत येतं. आलं नाही तर रात्रीच गेस्ट सर्व्हिस काउंटरवर जाऊन विचारा. वडिलांना चालायला त्रास असेल तर व्हीलचेअरचंही तेव्हाच सांगून ठेवा, सकाळी त्या काउंटरवर फार गर्दी असते. बाकीचे सगळे उतरून गेल्यावर आम्हाला सगळ्यांना एकत्र खाली नेलं, पासपोर्ट तपासले, जहाजाची नवीन कार्डं दिली आणि परत वर आणलं. ज्यांना शहरात जायचं होतं ते गेले. सिंगापूरचं मरिना बे क्रूझ सेंटर मरिना साउथ पिअर या मेट्रो स्टेशनच्या जवळ आहे, त्यामुळे दोन-चार तास सहज फिरून येता येतं. पण परत कधीपर्यंत चढायचं ती वेळ विचारून मगच बाहेर पडा.

तुम्हाला माझं मत हवं असेल तर जाऊ नका, जहाजावरच थांबा. हजारो माणसांचं जहाज त्या दोन-तीन तासांत जवळजवळ रिकामं असतं. स्विमिंग पूलच्या कडेच्या सगळ्या खुर्च्या मोकळ्या, लिफ्टला रांग नाही, कुठे गाणं वाजत नाही. काही उपाहारगृहं बंद असतात, सगळीकडे व्हॅक्यूम क्लीनर चालू असतात, पण चहा मिळतो. माझे सासरे ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. ते रेलिंगशी उभे राहिले ते दुपारपर्यंत हललेच नाहीत. खाली धक्क्यावर फोर्कलिफ्ट पॅलेटमागून पॅलेट आणत होत्या, भाज्या, पाण्याच्या बाटल्या, चादरींचे गठ्ठे. एका बाजूने गेलेल्यांचं सामान उतरत होतं आणि दुसऱ्या बाजूने नव्यांचं चढत होतं. कुठली गाडी कुठल्या दाराशी लागते, कोण कुणाला हात करतं, हे ते आम्हाला सांगत होते. एवढ्या मोठ्या यंत्रणेची एका दिवसात होणारी ही उलथापालथ एकेका फेरीच्या प्रवाशाला दिसतच नाही, कारण त्या वेळी तो एक तर टॅक्सीत असतो नाहीतर टर्मिनलच्या रांगेत. तुमच्या वडिलांना यंत्रांची आवड असेल तर ही सकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवा.

दुपारी सुरक्षा कवायत पुन्हा करावी लागते. तीच शिट्टी, तोच व्हिडिओ, तेच जमण्याचं ठिकाण. कंटाळवाणं वाटेल, पण टाळू नका आणि आई-वडिलांनाही टाळू देऊ नका. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या जिलियो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ खडकावर आपटली. ३२ जण गेले. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हा चोवीस तासांत केव्हाही घेतली तरी चालत असे. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच कवायत घेणं बंधनकारक झालं. आता बऱ्याच जहाजांवर फोनवर किंवा खोलीतल्या टीव्हीवर व्हिडिओ बघायचा आणि आपल्या जागी जाऊन नोंद करून यायचं, एवढंच असतं.

पैशांचंही तसंच. जहाजावरच्या खर्चाचं खातं पहिल्या फेरीच्या शेवटी बंद होतं आणि दुसरं उघडतं. क्रेडिट कार्डवर पहिल्या वेळी रोखून ठेवलेली रक्कम सुटायला काही दिवस लागू शकतात, तेवढ्यात दुसऱ्या फेरीसाठी पुन्हा रक्कम रोखली जाते. कार्डाची मर्यादा त्या हिशेबाने मोठी ठेवा. वायफाय आणि पेयांची पॅकेजेस फेरीपुरतीच असतात. जेवणाच्या खास सूचनासुद्धा बुकिंगला जोडलेल्या असतात. आई कांदा-लसूण खात नसतील तर ते दोन्ही बुकिंगवर वेगवेगळं लिहून घ्या. पहिल्यावर लिहिलं म्हणून दुसऱ्यावर जाईलच असं नाही. टूर कंपनीमार्फत बुक केलंत तर दोन्ही पावत्यांवर टीसीएस, म्हणजे बिलासोबतच वसूल केलेला कर, दिसेल. तो आयकर रिटर्नमध्ये जमा धरता येतो, म्हणून पावत्या जपून ठेवा. विमाही पहिल्या दिवसापासून दुसऱ्या फेरीच्या शेवटापर्यंत एकसलग घ्या.

आता व्हिसा, आणि इथे मात्र ढिलाई नको. सिंगापूरहून निघून मलेशिया किंवा थायलंडला जाऊन तुम्ही मध्ये पुन्हा सिंगापूरला येता, म्हणजे तो नवीन प्रवेश. शेवटी येता तो आणखी एक. व्हिसावर मल्टिपल एंट्री आहे का, ते हातात पडल्याबरोबर बघा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड येण्याच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं असतं, ते मोफत आहे. इमिग्रेशन करून आत जायचं असेल त्या प्रत्येक वेळी ते नव्याने भरावं लागतं. जहाजावरचं इंटरनेट महाग असल्यामुळे मधल्या बंदरात मोबाइलला रेंज असतानाच भरून टाका. मलेशियाचंही असंच डिजिटल कार्ड आहे, कंपनी सांगेल तसं प्रत्येक फेरीसाठी भरा. औषधांची चिठ्ठी मूळ स्वरूपात जवळ ठेवा. झोपेच्या काही गोळ्या आणि कोडीनची खोकल्याची औषधं यांवर सिंगापुरात निर्बंध आहेत.

सिंगापूर सोडून दुसरीकडचा विचार केलात तर चित्र बदलतं. माझी नणंद भूमध्य समुद्रात अशी दुहेरी फेरी करून आली. तिथल्या काही जहाजांवर बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ अशा प्रत्येक बंदरात थोडे लोक उतरतात आणि थोडे चढतात. त्यामुळे रिकाम्या जहाजाची सकाळ तिथे मिळतच नाही. उलट शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, मुद्दा येतो. जहाज मध्येच तुर्कस्तान किंवा माँटेनिग्रोला जाऊन परत इटली-ग्रीसला आलं की सिंगल एंट्री चालत नाही. अमेरिकेत मधल्या दिवशी जहाज पूर्ण रिकामं करून शून्य मोजणी, म्हणजे आत एकही प्रवासी उरला नाही याची खात्री, झाल्याखेरीज नवे प्रवासी चढू देत नाहीत, म्हणून तिथे प्रत्येकाला उतरावंच लागतं. शिवाय १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून चढवलेला माणूस, मध्ये एखादं दूरचं परदेशी बंदर न लागता, अमेरिकेच्या दुसऱ्या बंदरात उतरवायचा नाही. सिएटल ते व्हँकुव्हर आणि लगेच व्हँकुव्हर ते लॉस एंजेलिस या फेऱ्या वेगवेगळ्या घेतल्या तर नियमात बसतात, पण त्याच जहाजावर लागोपाठ घेतल्या तर तो सिएटल ते लॉस एंजेलिस असा एकच प्रवास धरला जातो, म्हणून बसत नाहीत. कॅनडा त्या कायद्यात दूरचा देश धरलेला नाही.

कंटाळ्याबद्दल खरं सांगते. करमणुकीचे कार्यक्रम, सूचना, मुख्य जेवणघरातला मेन्यू, यांतलं बरंचसं दुसऱ्या फेरीत पुन्हा येतं, कारण नव्या प्रवाशांसाठी ते नवीनच असतं. रोज रात्री नवीन शो बघायचा असा बेत असेल तर तुम्ही नाराज व्हाल. पण साठी-सत्तरीच्या माणसांचा अनुभव वेगळा असतो. पहिल्या फेरीत आमचे सासू-सासरे सारखे विचारत होते, आपली लिफ्ट कुठली, बुफे कुठल्या मजल्यावर, जहाजाचं पुढचं तोंड कुठलं. दुसऱ्या फेरीत सासूबाई नव्याने चढलेल्या इंदूरच्या एका जोडप्याला रस्ता दाखवत होत्या. सकाळचा चहा कसा लागतो ते वाढणाऱ्या मुलाला माहीत झालं होतं. खऱ्या अर्थाने ती दोघं विसावली ती दुसऱ्या फेरीतच. म्हणून मला हा प्रकार तरुणांपेक्षा वडीलधाऱ्यांसाठी जास्त चांगला वाटतो.

बंदर पुन्हा तेच आलं तरी वाईट वाटून घेऊ नका. मलेशियातल्या पिनांगला पहिल्या वेळी गाडी करून केक लोक सी मंदिर आणि पिनांग हिलची रेल्वे बघा. दुसऱ्या वेळी स्वेटनहॅम धक्क्यावरून चालतच जॉर्ज टाउन या जुन्या शहरात जा. २००८ पासून तो जागतिक वारसा आहे. लिटल इंडिया आणि १८३३ चं महामारिअम्मन मंदिर पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. तिथे इडली-डोसा मिळतो, आणि चार दिवस बुफे खाल्ल्यावर तो फार गोड लागतो.

एक मात्र बघाच, दुसरी फेरी कुठल्या वारी सुटते ते. शुक्रवारी सुटणाऱ्या छोट्या फेऱ्यांना शनिवार-रविवारची गर्दी असते, रात्री उशिरापर्यंत आवाज, बुफेला रांगा. रविवार-सोमवारी सुटणारी फेरी त्यामानाने शांत. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत आपलेच लोक इतके असतात की शांतता मागू नये. तुमच्या तारखांना, त्याच पैशांत, सलग सात रात्रींची एकच फेरी मिळत असेल तर माझं मत तिच्या बाजूने पडेल. कागदपत्रं कमी, गर्दी एकदाच. सिंगापूरहून छोट्या फेऱ्याच जास्त असतात, म्हणून हा जोडणीचा मार्ग उपयोगी पडतो. आई-वडिलांनी जहाजावर कधी पाऊलच ठेवलं नसेल तर आधी मुंबईहून गोव्याची छोटी फेरी करून बघा. व्हिसा नको, आणि समुद्र लागतो की नाही ते कळतं. पावसाळ्यात मात्र अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा नको.

नाशिकहून निघताना जहाजाच्या दिवशी सकाळी सिंगापुरात उतरण्याचा बेत करू नका. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, पण आमणेच्या पुढे विमानतळापर्यंतची मुंबईची गर्दी काही टळत नाही. विमान चुकलं तर जहाज थांबत नाही, आणि पहिल्या फेरीला आला नाहीत तर दुसरीच्या बुकिंगचं काय होतं ते कंपनीकडून आधी लेखी घ्या. एक रात्र सिंगापुरात आधी काढा. विमानातून उतरल्या उतरल्या वडिलांना रांगेत उभं करावं लागत नाही.

कपडे आठवडाभराचे नेऊ नका. छोटे कपडे बाथरूममध्ये धुऊन वाळतात, शॉवरपाशी ओढून लावायची दोरी बहुतेक केबिनमध्ये असते. इस्त्री आणि पाण्याची किटली जहाजावर नेऊ देत नाहीत, तपासणीत काढून घेतात. चिवडा न्यायचाच असेल तर कंपनीच्या सीलबंद पाकिटातला न्या. घरचा डबा अडवण्याची शक्यता जास्त.

दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या रात्री मात्र बॅग खरोखरच दाराबाहेर ठेवायची आहे. त्याआधी सकाळचे कपडे, चष्मे, औषधं आणि सगळ्यांचे पासपोर्ट हातातल्या पिशवीत काढून घ्या, आणि परतीचं विमान दुपारनंतरचंच घ्या.