भावाला भेटून आली की जेवत नाही

“मॅडम, भेटी बंदच केल्या तर? दर वेळी भावाला भेटून आली की दोन दिवस धड जेवत नाही, रात्री अंथरूण ओलं करते.”

सहा वर्षांच्या मुलीला फॉस्टर केअरमध्ये (म्हणजे स्वतःचं घर सांभाळू शकत नाही तेव्हा दुसऱ्या कुटुंबात) सांभाळणाऱ्या काकू विचारत होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) हा प्रश्न मला बऱ्याच घरांतून येतो. विचारणारी माणसं वाईट नसतात. पोराचं रडणं बघवत नाही, एवढंच.

भाऊ अकरा वर्षांचा, मुलांच्या बालगृहात. बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 44 सांगतं की, मुलांच्या हिताच्या आड येत नसेल तर भावंडांना एकाच कुटुंबात ठेवण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करावा. पण दोघांना घेणारं घर मिळालं नाही. काकूंच्या खोल्याच दोन.

“निघताना तिला काय सांगता?” मी विचारलं.

“येऊ हं परत, लवकर.”

मेख इथंच होती. आईसुद्धा ‘लवकर येते’ म्हणूनच गेली होती. तेव्हापासून प्रत्येक भेट या पोरीला शेवटची वाटायची.

अशा मुलांबद्दलचे आदेश देणाऱ्या बालकल्याण समितीला मी विनंती केली: दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी भेट, दर बुधवारी संध्याकाळी फोन, आणि हे आदेशातच लिहा. तोंडी ठरलेलं बालगृहाचे अधीक्षक बदलले की हवेत विरतं. मग दोन सारखीच कालनिर्णय आणली, एक तिच्याकडे, एक त्याच्याकडे. निघण्याआधी दोघांनी मिळून पुढच्या भेटीच्या तारखेभोवती गोल करायचा. (नाहीतर आपल्याकडे भावंडांची भेट म्हणजे राखी आणि भाऊबीज. ओवाळणी झाली, फोटो निघाला, की वर्षभर सामसूम.)

चूक माझीही झाली. नव्या वेळापत्रकातली पहिली भेट मी ऑफिसात ठेवली. समोरासमोर दोन खुर्च्या, मी वही घेऊन कोपऱ्यात. दोघं भिंतीकडे बघत बसली. पुढच्या वेळी काकूंनी पिशवीभर ओल्या शेंगा आणल्या आणि तिघंही व्हरांड्यात सोलायला बसली. हाताला काम मिळालं आणि तोंडं सुटली. तेव्हा तो पोरगा मान वर न करता म्हणाला, “काकू, तिला अकराला उठवून बाथरूमला नेत जा, नाहीतर करते. आणि झोपताना तिला कान धरायला लागतो. माझा धरायची.”

काकू गप्प झाल्या. दोन वर्षं त्यानंच तिला सांभाळलं होतं, आणि ते काम एका दिवसात काढून घेताना आम्ही कुणीही त्याला काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

काकू अकराचा गजर लावू लागल्या. अंथरूण अजून कधीमधी ओलं होतं. निघताना ती रडते, पण घरी पोचल्यावर जेवते, आणि गोलापर्यंतचे दिवस बोटांवर मोजते.

गेल्या बुधवारी भाऊ फोनवर आलाच नाही, मैदानावर कबड्डी रंगली होती. बाईसाहेब फुगल्या. शनिवारी त्याच्याशी बोलणार नाही म्हणाल्या.

काकूंचा घाबरून फोन आला, “मॅडम, आता काय करू?”

“काही करू नका,” म्हटलं, “भांडू दे.”