दोराचं दुसरं टोक
वाचकांची पत्रं : हिमशिखरं आणि गाइडसोबतच्या मोहिमा

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे हिमशिखरांची पत्रं वाढतात, कारण लडाखचा हंगाम जुलै-ऑगस्टचा. या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, पण त्यातलं काही गाळावंसं वाटलं नाही.

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीची. वय ३९, बँकेत नोकरी. कॉलेजपासून सह्याद्रीत फिरते. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड झालाय, अलंग-मदन-कुलंगही झालंय. एक संस्था ऑगस्टमध्ये कांग यात्से-२ हे शिखर लेह ते लेह आठ दिवसांत करवते. ‘पूर्वानुभवाची गरज नाही, गाइड सोबत असतो,’ असं जाहिरातीत आहे. आमचे हे म्हणतात, गाइड आहे तर बिनधास्त जा. जाऊ का?

उत्तर : जरूर जा. पण या ऑगस्टमध्ये नको, आणि आठ दिवसांत तर नकोच.

आधी दिवसांचा हिशोब करू. मुंबईहून विमानाने तुम्ही समुद्रसपाटीवरून काही तासांत ३,५०० मीटरवर उतरता. कांग यात्से-२ ची उंची ६,२५० मीटर आणि बेसकॅम्प ५,१०० च्या आसपास. तीन हजारांच्या वर गेलं की रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नसावा आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, असा वैद्यकीय संकेत आहे. त्या हिशोबाने लेहमध्ये तीन रात्री, मग बेसकॅम्पपर्यंत किमान चार मुक्काम, मध्ये एक विश्रांतीचा दिवस, बेसकॅम्पवर आणखी एक, मग चढाई, मग परतीची चाल. हवामान बिघडलं तर हाताशी एखादा राखीव दिवस. हे सगळं बारा दिवसांच्या आत बसत नाही. आठ दिवसांत बसवायचं तर विश्रांतीचे दिवस कापावे लागतात, आणि ते कापले की विरळ हवेचा त्रास ओढवून घेतल्यासारखंच आहे. साडेपाच हजारांवर हवेचा दाब मुंबईच्या निम्मा असतो, माथ्यावर त्याहूनही कमी. तुमचा दमसास उत्तम असेल, कळसूबाई तुम्ही धावत चढत असाल, तरी याचा काही उपयोग नाही. कळसूबाई १,६४६ मीटर. रक्ताला उंचीची सवय लागायला वेळच द्यावा लागतो, आणि तो तंदुरुस्त माणसालाही तेवढाच लागतो. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीने मदत होते, ती डॉक्टरांना विचारून घ्या. दिवस वाचवायचं औषध म्हणून मात्र घेऊ नका.

आता ‘गाइड आहे’ याबद्दल. याच वाक्यापायी मी हे सदर लिहिते म्हटलं तरी चालेल.

अलंग-मदन केलंत म्हणजे हार्नेस (कमरेचा पट्टा), कॅराबिनर (दोर अडकवायची कडी), रॅपलिंग (दोरावरून उतरणं) ओळखीचं आहे, आणि कड्यावर तुमचे पाय कापत नाहीत. ही जमेची बाजू मोठी आहे. पण तिथे दोर वरून येतो. वर कातळात बोल्ट असतो, तुमचा पाय सुटला तर दोर तुम्हाला धरतो. हिमनदीवर वर काहीच नसतं. दोर एका माणसाच्या कमरेतून दुसऱ्याच्या कमरेत गेलेला असतो आणि धरून ठेवणारी वस्तू म्हणजे ती माणसंच. आता बघा, या दोरावर सर्वांत पुढे कोण चालतं? गाइड. बर्फाखाली दडलेली भेग त्याला आधी लागणार. तो बर्फाच्या कुऱ्हाडीचा, म्हणजे आइस अ‍ॅक्सचा दांडा पावलापुढे खुपसत जातो; दांडा घट्ट अडला तर पाऊल टाकतो, आणि एकाएकी आत गेला की थांबतो, कारण खाली पोकळी आहे. बहुतेक वेळा त्याला ती सापडते. एखाद्या वेळी बर्फाचा पूल त्याच्या वजनाने बसतो आणि तो दिसेनासा होतो. त्या क्षणी तुमच्या कमरेला हिसका बसतो. तुम्ही तिथल्या तिथे पालथं पडून अ‍ॅक्सचं टोक बर्फात रोवायचं, पायांनी खोबणी करायची आणि त्याचं वजन पेलायचं. मग तसंच धरून बर्फात अँकर, म्हणजे दोर अडकवायचा पक्का आधार, करायचा, दोराचा भार त्यावर द्यायचा आणि कप्पी लावून त्याला वर घ्यायचं. हे सगळं कोण करणार? तुम्ही आणि तुमच्या मागचा. गाइड तर खाली लटकतोय.

म्हणून पूर्वानुभव नसलेली पाच माणसं आणि एक गाइड असा दोर बांधणाऱ्या संस्थेवर माझा विश्वास नाही. त्यात गाइडचा जीव सर्वांत जास्त धोक्यात असतो, आणि जाहिरातीत ते कुठेच लिहिलेलं नसतं.

एक बारीक गोष्ट सांगते, ती बघून संस्था ओळखता येते. चालताना दोन माणसांमधला दोर बर्फाला जेमतेम टेकत जायला हवा. हातात वेटोळी धरून चालणारी माणसं मोहिमेच्या फोटोंत दिसली तर ती संस्था सोडा. पुढचा पडला की आधी ती वेटोळी सुटतात, तो तेवढा जास्त खोल जातो, आणि मग बसणारा हिसका मागच्याला पेलवत नाही. कांग यात्सेवरच्या भेगा गंगोत्री भागातल्या मोठ्या हिमनद्यांएवढ्या नाहीत, तरी सवय ती सवय.

पैसे भरण्याआधी विचारा : गाइडचं नाव काय आणि त्याने कुठून काय शिकलंय? अ‍ॅडव्हान्स कोर्सच्या पुढे मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन (शिकवायचं शिक्षण) किंवा सर्च अँड रेस्क्यू (शोध आणि बचाव) झालंय का? एका गाइडमागे किती जण? शिखराच्या परवान्यावर माझं नाव असेल का, आणि त्याची प्रत मिळेल का? भारतात शिखराचा परवाना इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनमार्फत मिळतो, तेव्हा ‘तिथे गेल्यावर बघू’ हे उत्तर चालवून घेऊ नका. आणि सर्वांत महत्त्वाचं, बेसकॅम्पवर कोणी बेशुद्ध पडलं तर निरोप खाली कसा जाणार? आपल्याकडे सॅटेलाइट फोन सरकारी परवानगीशिवाय नेता येत नाही, मोबाइलची रेंज तिथे धरून चालायची नाही. धावत जाणारा माणूस, घोडा, वॉकीटॉकी, जे काही असेल ते त्यांना आत्ताच सांगता आलं पाहिजे. या प्रश्नावर जो अडखळेल त्याच्याबरोबर जाऊ नका, बाकी जाहिरात कितीही देखणी असो.

आणि या वर्षी काय करा? उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, यांपैकी एखादीचा बेसिक कोर्स. जवळजवळ चार आठवडे लागतात. बँकेतून रजा काढणं अवघड आहे हे मला ठाऊक आहे, तरी काढा. या कोर्सना वयाची वरची मर्यादा असते आणि जागा फार आधी भरतात, तेव्हा चौकशी याच आठवड्यात करा. पुढच्या ऑगस्टमध्ये कांग यात्सेला जाल तेव्हा दोरावर तुम्ही ओझं नसाल. आणि तुमच्या ह्यांना हे उत्तर वाचायला द्या.

प्रश्न : मॅडम, मी बोरिवलीचा, ४४ वर्षांचा. गेल्या हंगामात गाइडसोबतच्या मोहिमेत लडाखमधल्या नुन शिखरावर गेलो होतो. बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स दोन्ही कोर्स झालेत. कॅम्प तीनहून, म्हणजे ६,३०० मीटरवरून, रात्री बाराला निघालो. सकाळी दहाला ६,९०० वर होतो. ऊन पडलेलं, आकाश निळंभोर. गाइड म्हणाला, फिरायचं. मला त्रास होत नव्हता. लाखो रुपये आणि दोन वर्षांची तयारी गेली. हा निर्णय बरोबर होता का? पैसे परत मागता येतील का?

उत्तर : सात हजारांच्या उंबरठ्यावरून परत फिरणं किती लागतं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळतं. तुमचं दुःख मी हलकं करणार नाही. पण तुमचेच आकडे घेऊ. दहा तासांत ६०० मीटर, म्हणजे तासाला साठ. नुन ७,१३५ मीटर. उरले २३५. वेग तेवढाच राहिला असता, आणि वर तो राहत नाही, तरी माथ्यावर पोहोचायला दुपारचे दोन वाजले असते. म्हणजे तुम्ही चौदा तास चालून दमलेले, आणि खाली येताना पायाखाली दिवसभर तापलेला बर्फ. रात्री गोठून टणक झालेला उतार दुपारी मऊ पडतो, क्रॅम्पॉनला, म्हणजे बुटाखालच्या लोखंडी खिळ्यांना, बर्फाचे गोळे चिकटतात, आणि सकाळी भेगांवरच्या ज्या बर्फाच्या पुलांवरून निर्धास्त गेलात ते परतताना वजन पेलतीलच असं नाही. तुमच्या पत्रातलं निळंभोर आकाश गाइडने तुमच्यापेक्षा वेगळ्या नजरेने बघितलं असणार.

एव्हरेस्टवरचं १९९६ सालचं उदाहरण इथे टाळता येत नाही. रॉब हॉल या गाइडने १९९५ साली डग हॅन्सन या आपल्या गिऱ्हाइकाला माथ्याजवळून परत फिरवलं होतं. पुढच्या वर्षी हॅन्सन पुन्हा आला. १० मे रोजी परतीची वेळ उलटून गेल्यावरही तो वर जात राहिला, हॉलने त्याला फिरवलं नाही, हॅन्सन माथ्यावर पोहोचला तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते, आणि वादळात दोघंही गेले. मागच्या वर्षीचा नकार पुन्हा द्यायचा नाही, हे ओझं गाइडच्या मनावर असतं. तुमच्या गाइडने ते बाजूला ठेवलं. तुम्ही त्याला पैसे दिले ते याच निर्णयासाठी होते, असं मी मनापासून मानते.

मात्र दोन गोष्टी जरूर तपासा. परतीची वेळ आदल्या संध्याकाळी तंबूत सांगितली होती का? वर ऐनवेळी सांगितलेली वेळ दमलेल्या माणसाला अन्याय वाटतेच, आणि ती आधी सांगणं हे आयोजकाचं काम. दुसरं, शिखरासाठी राखीव दिवस होता का? कॅम्प तीनवर एक दिवस थांबून किंवा खाली उतरून पुन्हा प्रयत्न करता आला असता का? करारात तो दिवस लिहिलेला असेल आणि दिला नसेल, तर त्या दिवसापुरते पैसे जरूर मागा, लेखी मागा. माथा न मिळाल्याचे मागू नका.

आणि तासाला साठ मीटर हा वेग का पडला, याचा शोध घ्या. तब्येत चांगली वाटत असूनही पाय चालत नव्हते याचा अर्थ बहुधा खालच्या कॅम्पांवर फेऱ्या कमी झाल्या. कॅम्प दोनपर्यंत सामान पोहोचवून परत खाली झोपायला येणं कंटाळवाणं वाटतं, बरेच जण ते पोर्टरवर सोडतात. अंग वरच्या हवेला तयार होतं ते त्या फेऱ्यांतच. नुनच्या माथ्यावर १९५३ साली पहिल्यांदा जे दोघं पोहोचले त्यांतली एक क्लोद कोगां ही फ्रेंच गिर्यारोहक होती. मुंबईतल्या मुलींना मी हे आवर्जून सांगते. त्याच कोगां १९५९ साली चो ओयू शिखरावर गेल्या त्या परतल्या नाहीत. इतक्या तरबेज बाईलाही हिमालयाने सूट दिली नाही. तुम्ही परत आलात, बोटं शाबूत आहेत, पुन्हा जाऊ शकता. जाताना जमलं तर तोच गाइड मागून घ्या.

प्रश्न : ताई, मी लालबागची, वय २१. मनालीला बेसिक कोर्ससाठी निवड झाली. उत्तरकाशीच्या अपघाताची बातमी आईच्या लक्षात आहे, ती पाठवायला तयार नाही. तिला काय सांगू? आणि बूट विकत घेऊ का?

उत्तर : आईला खोटं काही सांगू नकोस. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ या ५,६७० मीटर उंच शिखरावर हिमस्खलन झालं आणि नेहरू संस्थेच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सच्या तुकडीतले २९ जण गेले. त्यांत सविता कंसवाल होती, जी त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट चढली होती आणि या तुकडीबरोबर प्रशिक्षक म्हणून गेली होती. चांगली संस्था, चांगले प्रशिक्षक असूनही धोका उरतो, हे आईला कळलेलंच आहे, तेव्हा ते नाकारून तिचा विश्वास जाईल. तिला सांग की तुझा कोर्स बेसिक आहे. त्यातला बराच काळ गाठी, दोर, क्रॅम्पॉनवर चालणं, घसरलं तर अ‍ॅक्सने थांबणं हे शिकण्यात जातो. हिमालयात जाणारच असशील तर या शिक्षणाशिवाय जाण्यात जास्त धोका आहे. तिला कोर्सच्या तारखा, संस्थेचा फोन आणि रोजचा कार्यक्रम लिहून दे. आणि प्रशिक्षकाने ‘थांब’ म्हटलं तर थांबेन, असा शब्द तिला दे आणि पाळ.

बूट घेऊ नकोस. बर्फाचे बूट, क्रॅम्पॉन, अ‍ॅक्स संस्था देते. तू घरून चांगले लोकरीचे मोजे ने, आणि चालण्याचे बूट आत्तापासून घालून रुळवून घे. सरावासाठी पंधरा किलोची सॅक पाठीवर घेऊन जिने चढ-उतर कर. उतरणं टाळू नकोस, गुडघे उतरतानाच दुखतात. रविवारी पहिल्या कर्जत लोकलने नेरळला उतरून माथेरान चढ, सॅक तीच. रात्री गच्चीवर दिवे घालवून जाड हातमोजे घाल आणि हार्नेस कमरेला बांधून बकल उलटं ओवायचा सराव कर, एखाद्या गिर्यारोहण क्लबकडून हार्नेस मागून आण. पहिल्यांदा दहा मिनिटं लागतील. मिनिटभरात जमायला लागलं की पुढे आठ आकड्याची गाठ, तीही हातमोज्यांतच. आणि पायाची नखं निघायच्या चार दिवस आधी काप, आदल्या दिवशी नको.