नियतीतला ‘जर’

प्रश्न : होमरच्या महाकाव्यांत माणसांचे भवितव्य आधीच ठरलेले दिसते. मग मोहाला बळी पडणाऱ्याला दोष का द्यावा?

उत्तर : ज्या ‘मोइरा’ या ग्रीक शब्दाला आपण नियती म्हणतो, त्याचा मूळ अर्थ ‘वाटा’ असा आहे, मराठीत एखादे दुःख ‘वाट्याला आले’ असे आपण म्हणतो, तोच हा भाव. मात्र ‘ओडिसी’च्या, म्हणजे वीर ओडिसियसच्या घरपरतीच्या महाकाव्याच्या, पहिल्याच सर्गात देवांचा राजा झ्यूस देवसभेत सांगतो, की माणसे दुःखाचे खापर देवांवर फोडतात आणि स्वतःच्या बेताल वागण्याने वाट्याबाहेरचेही दुःख ओढवून घेतात.

या विधानाचा कस बाराव्या सर्गात लागतो. द्रष्टा टायरेसियस याने मृतांच्या लोकात ओडिसियसला सांगितलेले भविष्य ‘जर’वर उभे होते : सूर्यदेव हेलिओसच्या गुरांना हात लावला नाही, तर हाल सोसून का होईना, सगळे इथाकाला, म्हणजे आपल्या घरच्या बेटावर, पोहोचतील, लावला, तर जहाज आणि सोबती यांचा नाश होईल. पुढे हेलिओसच्या बेटावर प्रतिकूल वाऱ्याने त्यांना महिनाभर अडकवून ठेवले, शिधा संपला, मासे आणि पाखरे धरून दिवस काढावे लागले, आणि समोर हेलिओसची 350 गुरे चरत होती. ओडिसियस प्रार्थनेसाठी दूर गेला असता देवांनीच त्याच्या डोळ्यांवर झोप आणली, आणि तेवढ्यात सोबत्यांनी ती गुरे मारली. काव्याच्या आरंभी कवी या सोबत्यांना मूर्ख म्हणतो. त्यांची उपासमार वाचल्यावर तो शब्द मला फार कठोर वाटतो.

तरीही दोष उरतोच, कारण गुरांना हात लावणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली होती. गुरे देवांना बळी देताना विधीसाठी जव नव्हते म्हणून त्यांनी ओकची कोवळी पाने वापरली, मद्य नव्हते म्हणून पाण्याचे अर्घ्य दिले. चोरीला यज्ञाचे रूप देण्याची ही धडपड अजाण माणसांची नव्हे. त्यांना चिथावणारा सोबती युरिलोकस तर उघड म्हणाला, की देव कोपलाच, तर ओसाड बेटावर झिजून मरण्यापेक्षा एकदाच लाटेत तोंड उघडून प्राण सोडणे बरे. सोललेली कातडी सरपटू लागली, सळईवरचे मांस हंबरू लागले, तरी सहा दिवस मेजवानी चालली. सातव्या दिवशी वारा पडला, जहाज निघाले, झ्यूसच्या विजेने ते फुटले, आणि युरिलोकसने स्वतः निवडलेले मरण त्याच्या वाट्याला आले.