ड्युएट्टो खरंच ओरिजिनल आहे का? कुठे कुठे बघायचं ते सांगतो

तुम्ही विचारलंय की नेदरलँड्समध्ये एक १९६७ ची अल्फा रोमियो स्पायडर, म्हणजे सगळे जिला ड्युएट्टो म्हणतात ती, विकायला आहे, कॅलिफोर्नियातून आलेली, लाल, हेडलाइटवर पारदर्शक कव्हरं, आणि विकणारा छातीठोकपणे सांगतोय की सगळं फॅक्टरीचं आहे, तर यातलं ओरिजिनल काय आणि नंतर बसवलेलं काय. माझ्याकडे याच वर्षाची गाडी अकरा वर्षं आहे, राहतो इटलीत तोरिनोजवळ (ट्युरिन), आणि वडिलांचं कोल्हापुरात डेंटिंग-पेंटिंगचं काम होतं त्यामुळे पत्रा बघायची सवय लहानपणापासूनची. फोटो नीट बघितले. जरा लांबलचक लिहितोय, पण पैसे मोठे आहेत तेव्हा वाचाच.

पहिली गोष्ट, या गाडीचं जवळजवळ सगळं आज नवीन मिळतं. बंपर, समोरचं जाळीचं ढालीसारखं तोंड, मागचे दिवे, सीटची कव्हरं, स्टिअरिंग, रबरं, गालिचे, सगळं. त्यामुळे चकचकीत क्रोम आणि कोऱ्या सीट बघून "वा, काय ठेवलीय" म्हणू नका, ते पैसे टाकले की महिन्याभरात होतं. जे विकत मिळत नाही ते बघायचं, म्हणजे मूळ पत्रा, फॅक्टरीचे वेल्डिंगचे ठिपके, ठोकलेले नंबर आणि आत कुठेतरी कोपऱ्यात राहिलेला पहिला रंग. मी तरी कुठलीही गाडी बघायला गेलो की पहिला अर्धा तास बाहेरून बघतच नाही.

आता ही नेमकी कुठली गाडी ते आधी पक्कं करू कारण यातच बरेच जण फसतात. ही मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये आली, डिझाइन पिनिनफरिनाचं, आणि कंपनीचे संस्थापक बात्तिस्ता फरिना त्यानंतर महिन्याभरात गेले, म्हणजे त्यांच्या हयातीतल्या शेवटच्या गाड्यांपैकी ही. बॉडी तोरिनोजवळ ग्रुल्यास्कोला बनायची. ड्युएट्टो हे नाव स्पर्धा घेऊन निवडलं होतं पण त्या नावाचा हक्क आधीच खाऊ बनवणाऱ्या एका कंपनीकडे होता, म्हणून अधिकृत नाव राहिलं स्पायडर १६००. तेव्हा कागदपत्रांत ड्युएट्टो शोधत बसू नका, नसलं तर घाबरायचं कारण नाही. इंजिन १५७० सीसी, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट, दोन वेबर कार्ब्युरेटर. अशा गाड्या साधारण ६३०० बनल्या. मग १९६८ मध्ये १७५० स्पायडर वेलोचे आली, १७७९ सीसीची, आणि त्याच वर्षी स्वस्तातली १३०० ज्युनियर. तिघींची बॉडी तीच, मागून निमुळती गोल होत गेलेली, इटलीत तिला ओस्सो दि सेप्पिया म्हणतात, म्हणजे आपला समुद्रफेस, काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो आणि लोक पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तो. एकदा समुद्रफेस हातात घेऊन बघा, मग या गाडीची शेपटी कुठेही ओळखाल. १९७० च्या मॉडेलपासून शेपटी कापल्यासारखी सरळ झाली, दाराची हँडलं आणि डॅशबोर्ड बदलला, तेव्हा त्या गाड्यांशी गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो या तिघींत, कारण ज्युनियरला कव्हरं आणि मोठं इंजिन घालून मोठ्या बहिणीच्या भावात विकणारे आहेत.

म्हणून नंबर. बॉनेट उघडून फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर बघा, १६०० स्पायडरचा टाइप १०५.०३ आणि चासी नंबर एआर ६६०००१ पासून पुढचा. उजव्या बाजूला स्टिअरिंग असेल तर १०५.०५ आणि मालिका ७१०००१ पासून. ज्युनियर १०५.९१. इंजिनवर वेगळा नंबर असतो, त्याची सुरुवात एआर ००५३६ अशी हवी. ००५४८ असेल तर ते १७५० चं, ००५३० म्हणजे १३०० चं, आणि ००५१२ असेल तर सत्तरच्या दशकातलं २००० चं, जे सर्वात जास्त वेळा सापडतं कारण ते सरळ जागेवर बसतं आणि ताकद वाढते. एक लक्षात ठेवा, चासीचा आकडा आणि इंजिनचा आकडा एकमेकांशी जुळत नाहीत, अल्फात त्या दोन वेगळ्या मालिका आहेत, त्यामुळे "नंबर मॅचिंग", म्हणजे इंजिन पहिल्यापासून याच गाडीचं, असं कोणी सांगितलं की त्याला विचारा, कशाशी मॅचिंग? तुम्हाला स्वतः बघून कळतं ते एवढंच की इंजिन योग्य जातीचं आहे की नाही. आणि अमेरिकेतून आलेल्या गाडीत एक जास्तीची गोष्ट, १९६९ पासून तिकडे अल्फा कार्ब्युरेटरऐवजी स्पिका इंजेक्शनवर, म्हणजे पंपाने पेट्रोल देणाऱ्या यंत्रणेवर यायच्या, त्याचा पंप इंजिनच्या समोरच्या कव्हरवर बसायचा. १६०० ला हा पंप कधीच नव्हता. समोर त्याची जागा झाकलेली दिसली तर इंजिन किंवा निदान ते कव्हर नंतरच्या गाडीचं.

कार्ब्युरेटर काढायला सांगू नका, टॉर्च मारून वाचा. ४० डीसीओई २७ असं हवं, इटलीत बनलेलं. वेबरचं काम पुढे स्पेनला गेलं, नवे तिकडून येतात, चांगलेच चालतात, पण ते १९६७ चे नाहीत हे तर उघड आहे.

आता कव्हरांबद्दल. फोटोत स्पीडोमीटरवर मैल आहेत, विकणारा स्वतःच म्हणतो पहिल्यापासून कॅलिफोर्नियात होती. मग ती कव्हरं फॅक्टरीची असूच शकत नाहीत! अमेरिकेत हेडलाइटवर असं झाकण चालत नव्हतं, तिकडच्या गाड्या उघड्या सीलबीम दिव्यांनीच (काच आणि बल्ब एकसंध असलेले दिवे) जायच्या, युरोपात आणून मग लोक प्लेक्सिग्लासची कव्हरं लावतात कारण गाडी त्यात फार देखणी दिसते. मला स्वतःला आवडतात, त्यात वाईट काही नाही. पण "सगळं फॅक्टरीचं" यातली निदान एक गोष्ट तरी खरी नाही हे तुम्हाला घरबसल्या कळलं, आणि माणूस एका ठिकाणी असं बोलतोय तर बाकीचंही तपासून घ्यायला हवं. अजून एक, अमेरिकन कागदावर १९६८ लिहिलेलं असलं तर चक्रावू नका. १९६८ मॉडेलच्या अल्फा अमेरिकेत विकायला गेल्याच नाहीत, ६७ च्या उरलेल्या गाड्या उशिरा विकल्या गेल्या आणि कागदावर ते वर्ष पडलं.

चाकं साधी दिसतात पण बोलतात. १६०० ला १५ इंची पोलादी चाकं आणि १५५ चे अरुंद टायर, १७५० ला १४ इंची. तुमच्या फोटोत मला चाक जरा लहान वाटतंय, टायरच्या कडेवर लिहिलेलं वाचून या. पेडल डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत जमिनीतून वर आलेले असतात, वरून लोंबत नाहीत.

आता पत्रा, माझा खरा विषय. गाडीच्या कुशीवर समोरपासून मागपर्यंत जी खोलगट पन्हळ जाते ना, दारातून पुढे मागच्या मडगार्डात, तिच्यावर सगळं अवलंबून आहे. मूळ पत्र्यात तिची वरची कड धारदार असते, बोट फिरवलं की सलग एकाच धारेने जातं. ठोकर बसून दुरुस्त केलेल्या गाडीत ती कड बोथट होते कारण पुट्टीवर घासकाम करताना कोणाचाही हात तिथे सरकतोच. डोळे मिटून बोट फिरवा, खरंच सांगतो, डोळ्यांना फसवता येतं बोटाला नाही. मग छोटा लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पन्हळीच्या खालच्या भागातून, चाकांच्या कमानीवरून आणि समोरच्या नाकावरून न्या, जिथे पकड सैल पडते तिथे खाली पुट्टी आहे. नाक तर बहुतेक गाड्यांचं एकदा तरी चेपलेलं असतं, बंपर दोन तुकड्यांत आहे आणि मधे काहीच संरक्षण नाही.

डिकी उघडून गालिचा उचला. स्टेपनीच्या खळग्याभोवती आणि जिथे बॅटरी बसते तिथे (हो, बॅटरी डिकीत आहे) फॅक्टरीचे स्पॉट वेल्ड दिसायला हवेत, वाटाण्याएवढे गोल खळगे, ठराविक अंतरावर, एका ओळीत. त्याऐवजी किड्यासारखी वळवळत गेलेली वेल्डिंगची रेघ किंवा सगळीकडे जाड काळा डांबरी लेप दिसला तर पत्रा बदललाय. बॅटरीखालचा पत्रा ॲसिडने खाल्लेला असणं नेहमीचंच आहे, तिथे बदलला असेल तर मी नाही म्हणणार नाही. दाराखालचे पायरीचे पत्रे मात्र वेगळी गोष्ट, ते तीन थरांचे आहेत, छप्पर नसलेल्या गाडीचा सगळा जोर त्यांच्यावर, आणि आतला थर सडलेला असताना बाहेरून नवा पत्रा चिकटवून रंग मारणं फार सोपं असतं. गाडी जॅकवर एका बाजूने उचला आणि दार उघडून बंद करून बघा. दार अडकलं किंवा मागची फट वर निमुळती झाली तर गाडी मधून वाकतेय, तिथून हात जोडून निघा, किंमत कितीही कमी असो.

आणि रंग. या गाडीचा डॅशबोर्ड पत्र्याचा आहे, बॉडीच्याच रंगात रंगवलेला, वर काळं प्लास्टिक वगैरे नाही, आणि ड्रायव्हरसमोर दोन मोठी घड्याळं, मधे तीन लहान. रंग बदलताना लोक डॅश बाहेरून रंगवतात पण घड्याळं काढत नाहीत, फक्त कडेने चिकटपट्टी लावतात. माझी गाडी मी घेतली तेव्हा लालच होती, रोस्सो आल्फा, आणि पहिल्या मालकापासून लाल आहे असं मला सांगितलं होतं. वायरिंगच्या कामासाठी मधलं एक लहान घड्याळ मागून नट सैल करून काढलं तर त्या भोकाच्या कडेला बोटभर रुंदीचं गोल कडं, दुधाळ पांढरं, अगदी स्वच्छ, जणू कालच मारलेलं. बियान्को स्पिनो, अल्फाचा पांढरा. पन्नास वर्षं ऊन न लागलेला रंग होता तो. मी बराच वेळ नुसता बघत बसलो. पुढे आरेसेला अल्फाचा जुन्या नोंदींचा संग्रह आहे तिथून दाखला मागवला, त्यातही पांढराच निघाला. तुम्ही विकणाऱ्याला घड्याळ काढू द्याल का विचारा, नाही म्हणाला तर डॅशच्या खालून टॉर्च मारून मागची बाजू बघा, शिवाय डिकीच्या झाकणाच्या आत रंगाचं कागदी लेबल कधीकधी टिकलेलं असतं, आणि दाराचं अस्तर सैल असेल तर त्याच्या मागे.

एक चूक माझ्या हातून झाली ती तुम्ही करू नका. घेतल्यावर मी इथल्या एका वर्कशॉपला गाडी दिली, म्हटलं खालून स्वच्छ करा, त्यांनी न विचारता फायरवॉलसकट वाळूचा मारा केला आणि चासी नंबरचे दोन आकडे जवळजवळ पुसले. अजून वाचता येतात, पण तपासणीला गेलं की दर वेळी भिंग घेऊन उभं राहावं लागतं. नंबर, लेबलं, काचांच्या कोपऱ्यातले ठसे, आतल्या कोपऱ्यातला जुना रंग, याला कोणालाही हात लावू द्यायचा नाही. काचांवरून आठवलं, सगळ्या काचांवरचा ठसा एकाच कंपनीचा आणि एकाच काळातला आहे का बघा, एखादी वेगळी निघाली तर ती कशी फुटली ते विचारा.

तर तुमच्या गाडीबद्दल, मला कव्हरं नंतरची हे पक्कं वाटतं, चाकांबद्दल शंका आहे, आणि लाल रंगावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. पण पन्हळीची कड फोटोत फार छान दिसतेय, डाव्या दारापाशी तर सावलीसुद्धा सरळ पडलीय, म्हणून जाऊन बघाच. पैसे द्यायच्या आधी चासी नंबर घेऊन आरेसेला अल्फाच्या संग्रहाकडे दाखल्यासाठी अर्ज करा, गाडी कधी बनली, कुठल्या रंगात होती आणि कुठल्या देशात गेली ते त्यात येतं, थोडा वेळ लागतो पण विकणारा घाई करत असेल तर करू द्या. आणि जाल तेव्हा इंजिनच्या नंबरचा, टायरच्या कडेचा आणि स्टेपनीच्या खळग्याचा फोटो तिरप्या उजेडात काढून मला पाठवा, फ्लॅश न वापरता.