लेकरासोबत पहिली क्रूझ: एवढं सांभाळा

पहिल्यांदा लांबची सफर नको. गोव्यातल्या मुरगाव बंदरातून मुंबईपर्यंतची एक-दोन रात्रींची पुरे, आणि पावसाळ्यानंतरचीच घ्या. बाळ सहा महिन्यांखालचं असेल तर बहुतेक जहाजं घेतच नाहीत.

केबिन खालच्या डेकवर, जहाजाच्या मधोमध मागा. सी-सॉसारखं आहे: टोकं वर-खाली होतात, मधला भाग कमी हलतो. उलटीच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो, म्हणून बालरोगतज्ज्ञांना आधीच विचारा. उलट्या सुरू झाल्यावर दिलेलं औषध पोटात टिकत नाही.

नवखे हमखास चुकतात ते सामानात. मोठी बॅग जहाजवाले बंदरावरच ताब्यात घेतात. ती केबिनपाशी यायला काही तास लागतात, आणि तोवर लेकरू ओल्या चड्डीत! म्हणून हातातल्या पिशवीत ठेवा:

- मुलाचं ओळखपत्र, जन्मदाखला
- औषधं, डायपर
- दोन जोड कपडे, पोहण्याचे कपडे

विजेची किटली नेऊ नका, तपासणीत काढून घेतात. मऊ भात, गरम पाणी जेवणघरात मागा.

डायपरमधल्या मुलांना बऱ्याच जहाजांवर तलावात उतरू देत नाहीत, स्विम डायपर असला तरी. बुकिंगआधीच विचारा, पाण्याच्या काठावरून रडतं मूल परत आणणं फार जड जातं.

केबिनला बाल्कनी असलीच, तर तिच्या दाराची कडी मात्र सतत लावलेलीच हवी.