गोव्यात टाकाऊ आणि इथल्याच वस्तूंतून नाताळचा देखावा कसा उभारतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पर्वरीला तुमच्या सोसायटीत पंचवीस-तीस कुटुंबे, निम्मी पुण्या-मुंबईकडून आलेली. यंदा नाताळचा देखावा थर्माकोल आणि विकतचे प्लास्टिक न आणता, टाकाऊ आणि 'देशी' वस्तूंतून सगळ्यांनी मिळून करायचा आहे. सुरुवात कुठून करायची आणि साहित्य कुठे मिळते?

मी म्हापशाचा. सायकली दुरुस्त करतो, म्हणजे अजून कोणी आणतात तोवर. आमच्या वाड्यावर अर्धी घरे हिंदूंची, अर्धी ख्रिस्तावांची. नाताळचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, आम्ही बरीच वर्षे एकत्र उभारतो आणि त्यात करण्यासारख्या जवळजवळ सगळ्या चुका करून झाल्या आहेत. त्या भांडवलावर हे उत्तर लिहितोय.

सुरुवात 6 जानेवारीपासून करा. थट्टा नाही. त्या दिवशी तीन राजांचे फेस्त (सण) असते आणि बहुतेक ठिकाणी त्यानंतर गोठा उतरवतात. उतरवल्यावर यातली कुठली वस्तू कुठे जाणार, हे आधी कागदावर लिहा. गुरांच्या पुढ्यात, चुलीत, माडाच्या मुळाशी, भंगारवाल्याकडे, की मालकाच्या घरी परत? जिच्यापुढे काही लिहिता येत नाही ती वस्तू आणूच नका. एवढे केलेत की काय वापरायचे ते आपोआप सुचत जाते.

आम्ही पहिल्या वर्षी हे केले नाही. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचे भले मोठे झाड केले. बाटल्या कापल्या, हिरव्या ऑइलपेंटने रंगवल्या, गरम गोंदाने चिकटवल्या, वरून चमकी टाकली. फोटो झकास आले. जानेवारीत भंगारवाला आला, त्याने एक बाटली उचलून उलटीसुलटी केली आणि खाली ठेवली. साधी बाटली तो वजनावर घेतो. रंग आणि गोंद लागलेली त्याच्या कामाची नाही. पावसाळा आला तरी ते झाड सभागृहामागे पडून होते, कापलेल्या प्रत्येक बाटलीत घोटभर पाणी आणि डासांची पिले. म्हणजे कचरा वापरला असे म्हणत आम्ही विकला जाणारा माल घेऊन त्याचा न विकला जाणारा कचरा केला. बाटल्या वापरायच्याच असतील तर न कापता, न रंगवता, दोरीत ओवून वापरा. चमकीला तर हातही लावू नका, तेही प्लास्टिकच. सजावटीच्या थर्माकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदीच आहे, त्यामुळे तो विषय मिटला.

आता 'देशी'बद्दल. या शब्दावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणे होतील, आमच्याकडे झाली. नाताळचे झाड म्हणून गोव्यात सुरूची फांदी लावायची पद्धत आहे, पण समुद्रकाठचा तो सुरू काही मूळचा इथला नव्हे, मुद्दाम लावलेला. काजू पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलहून आला. नाचणी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. आणि 'नाताळ' हा आपला मराठी शब्दसुद्धा पोर्तुगीजच. त्यामुळे आम्ही व्याख्या सोपी केली: वाड्याच्या हद्दीत जे पडते, वाळते किंवा फेकले जाते ते देशी. फक्त खारफुटी तोडायची नाही, कायद्यानेही मनाई आहे. किनाऱ्यावरून गोणीभर शंख-शिंपले गोळा करायचे नाहीत, त्यांतल्याही काही जाती संरक्षित आहेत. विहिरीच्या काठावरचे शेवाळही खरवडायचे नाही. लोक ते हौसेने आणतात, दोन दिवसांत पिवळे पडते आणि विहीर बोडकी दिसते.

चतुर्थीला कोणाच्या घरी माटोळी बघितली असेल, तर अर्धे शिक्षण झालेच म्हणा. गणपतीवरच्या लाकडी चौकटीला नारळ, सुपारीची शिपटी आणि रानातली फळे बांधतात. आपल्या परिसरात त्या महिन्यात काय काय पिकते त्याचे ते प्रदर्शनच. डिसेंबरात वेगळ्या वस्तू मिळतात: गुलमोहराच्या वाळक्या शेंगा, सागाची फुगीर फळे, सुरूची बोंडे, माडाचे पिडे (झावळीचे जाड देठ). भाताचा पेंढा मात्र कापणीच्या वेळीच सांगून ठेवा. हल्ली यंत्राने कापतात, पेंढा आखूड आणि चेचलेला मिळतो. छपराला लांब काडी लागते, ती हाताने कापणाऱ्याकडेच. पाडपी (नारळ काढणारा) माडावर चढतो त्या दिवशी खाली उभे राहिलात तर चुडते (झावळ्या) फुकट मिळतील आणि पोयही. पोय म्हणजे माडाच्या फुलोऱ्यावरचे वेष्टण, वाळल्यावर अगदी छोट्या होडीसारखे होते. आमच्याकडे बाळ येशूची गव्हाण म्हणून दरवर्षी पोयच ठेवतो. सुतारकाम शून्य.

डोंगरासाठी आमच्या वाड्याची खास सोय आहे. दिवाळीच्या आदल्या रात्रीचा नरकासुर पहाटे जाळला की त्याचा लोखंडी सांगाडा उरतो, तो नोव्हेंबरभर कोपऱ्यात गंजत असतो. तो आडवा पाडायचा. तांदळाची गोणपाटे लाल मातीच्या दाट रबडीत बुडवायची, त्यात थोडी खळ, आणि ओलीच त्या सांगाड्यावर पांघरायची. दोन उन्हे मिळाली की कडक होतात आणि लांबून थेट जांभ्याचा कडा वाटतो. सिमेंट नाही, रंग नाही. तुमच्या सोसायटीत नरकासुर नसेल तर जुनी लोखंडी कॉट चालेल.

खळीवरून एक सांगतो. आमच्या लहानपणी पुस्तके बांधणारे खळीत मोरचूद घालायचे, कीड लागत नाही म्हणून. मीही तेच सुचवले. शेजारच्या आंटी, वय ऐंशीच्या पुढे, खुर्चीत बसून हे सगळे बघत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "भुरगीं हात तोंडांत घालतात. वीख नाका रे." (पोरे हात तोंडात घालतात, विष नको.) मोरचूद घातलेच नाही. हे पुढे कामी आले, सांगतो.

माझ्या धंद्यातली युक्ती म्हणजे तारा. पाच टोकांचा मोठा तारा बांबूचा करतात, आकाशकंदिलासारखाच, पण मोठा झाला की मध्ये पिचकतो. मध्ये सायकलची रिम घाला, आणि ती मागच्या चाकाची घ्या. आपल्या जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या रिमला 40 भोके असतात, पुढच्या रिमला 32. चाळीसला पाचाने भाग जातो: दर आठव्या भोकातून तार ओवली की पाच टोके बरोबर सारख्या अंतरावर येतात, मोजपट्टी लागत नाही. पुढच्या चाकाची रिम घेतलीत तर तारा लंगडा होतो. पहिल्या वर्षी माझ्याकडूनच झाला, आणि मी सायकलवाला! सांधे सुतळीने बांधू नका. जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा आणि ताणून गुंडाळा. रात्री दंव पडते, बांबू फुगतो-आक्रसतो, सुतळी सैल पडते, रबर त्याच्याबरोबर हलते. कागदाचेही तेच. डिसेंबरातल्या आमच्या दंवाने पतंगाचा कागद तिसऱ्या सकाळी लोंबतो. आम्ही जुन्या सुती साडीला खळ लावून ती ताणून बसवतो. आतला दिवा लागला की साडीचे काठ दिसतात आणि ती कोणाची होती ते अख्ख्या वाड्याला कळते. बांबू घेताना एवढेच विचारा की कधी तोडलाय. ताज्या रसाच्या बांबूला भुंगा लागतो. महिनाभर आधी आणून आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवलात तर बराच वाचतो.

मूर्ती विकत आणू नका, असे मी म्हणेन. गोव्यात गावोगाव गणपतीच्या चित्रशाळा आहेत आणि चतुर्थीनंतर तिथे चिकणमाती उरते. आमच्या मूर्तिकाराने पहिल्यांदा मारिया, जुझे (योसेफ) आणि बाळ केले, तेव्हा मारियेचे डोळे हुबेहूब गौरीचे झाले. तो ओशाळला, म्हणाला हाताला तेच वळण आहे. आम्ही ते तसेच ठेवले. गोव्यात हे नवीन नाही: सांत इस्तेव बेटावर जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (1902–1967) साडी नेसलेली मारिया रंगवत आणि त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ तुमच्या पुण्यातच गेला. त्यांच्या चित्रांचा संग्रह पर्वरीलाच झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. सोसायटीतल्या मुलांना घेऊन एकदा जाऊन या, नुसते बोलण्यापेक्षा ते बरे. मूर्ती भाजू नका, सावलीत वाळवा, आणि रंगाला गेरू, चुना, कोळशाची पूड एवढेच. का ते शेवटी कळेल.

आणि गवत. माझ्या मते संपूर्ण देखाव्यात लहान मुलांनी करण्यासारखे सगळ्यात चांगले काम हेच. गोठ्यापुढची हिरवळ विकतची नसते, पेरलेली असते. तुमच्याकडे घटस्थापनेला धान्य रुजवतात ना, तसेच. नाचणी रात्रभर भिजवायची. 8 डिसेंबरला, म्हणजे पणजीच्या मोठ्या इगर्जीचे (चर्चचे) फेस्त असते त्या दिवशी, करवंट्यांत माती आणि नारळाच्या सोडणाचा भुसा भरून दाट पेरायची. दोन दिवस झाकून अंधारात, मग उजेडात. रोज पाणी शिंपडायचे, ओतायचे नाही, नाहीतर कुजते. नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत चार बोटे गवत होते. प्रत्येक घराला दोन करवंट्या वाटा आणि एक घरी राखीव ठेवायला सांगा.

राखीव का, तर गाय. एका वर्षी 23 तारखेच्या रात्री अकराला आम्ही गोठा पूर्ण करून घरी गेलो. पहाटे दूधवाल्याने उठवले. वाड्यावर मोकाट फिरणारी एक तांबडी गाय गोठ्यात अर्धी आत शिरली होती. नाचणीच्या बावीस करवंट्या साफ, छपराचा पेंढा एका बाजूने खाल्लेला, आणि ती शांतपणे खळ लावलेले गोणपाट चाटत उभी. मातीची गाय तिच्या पायाशी आडवी पडली होती. खळीत मोरचूद असते तर त्या दिवशी काय झाले असते याचा विचार मला नंतर, दुपारी, चहा पिताना आला आणि चहा उतरेना. आंटी सकाळीच काठी टेकत आल्या, बघितले आणि म्हणाल्या, "गोठो तिचोच मरे." मग मुलांनी घरोघरच्या राखीव करवंट्या आणल्या, छपराला चुडते विणून लावली, आणि मध्यरात्रीच्या मिसेपर्यंत (चर्चमधल्या प्रार्थनेपर्यंत) सगळे उभे राहिले. तुमच्या सोसायटीला फाटक असेल, पण ते बंद करायला कोणाला तरी सांगून ठेवा.

मासेमारीची टाकलेली जाळी पसरून आकाश करतात, ते उघड्यावर करू नका. आमच्या जाळ्यात एकदा वटवाघूळ अडकले; कात्रीने सोडवताना ते जे ओरडते ते ऐकवत नाही. छताखाली असेल तर ठीक.

विजेबद्दल फार लिहीत नाही, फक्त वाळका पेंढा आणि वीज एकत्र आहेत हे विसरू नका. एलईडी माळ, वायरीचा एकही जोड पेंढ्यात नको, रात्री शेवटच्या माणसाने बंद करायची, आणि शेजारी वाळूची एक बादली.

कामाची वाटणी मीटिंग घेऊन ठरवाल तर देखणी मंडळी पुढे आणि राबणारी मागे, असे होते. त्यापेक्षा एक रविवार ठरवा, खाली एक चादर पसरा आणि प्रत्येकाला घरातली एक फेकायची वस्तू घेऊन यायला सांगा. कोण कशात हुशार आहे ते तिथेच दिसते. आमच्याकडे उत्तम चुडते विणणारा माणूस बँकेत कामाला आहे, हे आम्हाला दहा वर्षे माहीत नव्हते.

उतरवताना आमचे असे होते: पेंढा आणि चुडते गुरांच्या गोठ्यात आणि माडाच्या मुळाशी, पिडे आंटींच्या बंबाखाली, रिम माझ्या दुकानात खिळ्याला, साडी खळ धुऊन जिची तिला, ती पुसायला वापरते. मातीच्या मूर्ती बादलीत पाण्यात ठेवतो. दोन दिवसांत विरघळतात, आणि तो गोळा चित्रशाळेत परत जातो. भाजलेली असती तर गेली नसती, म्हणून वर तसे म्हटले.

साहित्यासाठी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बघा. सुपे, टोपल्या, दोऱ्या, मातीची भांडी घेऊन आसपासच्या गावांतून माणसे येतात आणि बांबू कोणाकडे मिळेल हे तीच नीट सांगतात. सकाळी लवकर या. जुन्या ट्यूब आणि मागच्या रिमा हव्या असतील तर बाजारात कोणालाही सायकलवाला विचारा. शुक्रवारी मात्र गर्दी असते, शनिवारी आलात तर कापून देईन.